‘मॅडम, हे शाळेत कुठे शिकवायचं असतं?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी महाविद्यालयात गणित शिकवते. माझं संशोधन बीजगणितातलं आहे, पण पदवीच्या शेवटच्या वर्षाचा भूमितीचा पेपर आता माझ्याकडे आला आहे. वर्गातले बहुतेक विद्यार्थी पुढे शाळेत गणिताचे शिक्षक होणार आहेत. मी पहिल्या तासापासून हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाची भूमितीची गृहीतकं घेतली आणि एकेक प्रमेय सिद्ध करत हायपरबोलिक भूमितीपर्यंत, म्हणजे युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक जिथे चालत नाही त्या भूमितीपर्यंत गेले. मुलं सिद्धता पाठ करतात आणि आकृतीतली अक्षरं बदलली की अडून बसतात. ‘त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच का?’ असं एकदा सहज विचारलं, तर ‘कोनमापकाने मोजून दाखवू’ असं उत्तर आलं. वर्गातून सतत एकच प्रश्न येतो, की हे शाळेत कुठे शिकवायचं असतं? सहकारी म्हणतात, शाळेचीच भूमिती परत शिकवलीत तर पदवीचा दर्जा काय राहील? मी काटेकोरपणा सोडू, की या मुलांना?

उत्तर:

विद्यार्थ्यांना दोष देऊन मोकळं होणं तुम्हाला सहज जमलं असतं. ते तुम्ही केलेलं नाही, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते.

तुम्ही मांडलेले दोन्ही पर्याय एकाच समजुतीवर उभे आहेत. ती समजूत अशी, की शालेय भूमिती या मुलांना येते. तुम्ही, तुमचे सहकारी आणि खुद्द विद्यार्थी, सगळेच हे धरून चालला आहात. म्हणून शाळेची भूमिती शिकवणं म्हणजे उजळणी वाटते आणि गृहीतकं म्हणजे ‘वरचं’ गणित. पण तुमच्याच पत्रात याच्या उलट पुरावा आहे. १८० अंशांचं कारण विचारल्यावर ज्याला कोनमापक आठवतो, त्याला विधान माहीत आहे. ते कशावर उभं आहे, हे त्याला कुणी कधी दाखवलेलं नाही. उद्या त्याच्या वर्गात एखादी मुलगी मोजून १७९ अंश आणेल आणि विचारेल, ‘मग माझं चुकलं, की प्रमेय चुकलं?’ तेव्हा त्याच्याकडे देण्यासारखं काय असेल?

ही दरी जुनी आहे. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या, शिक्षकांसाठीच्या व्याख्यानांत तिच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा शाळेतलं गणित मागे पडतं. शिक्षक होऊन शाळेत परततो तेव्हा विद्यापीठातलं मागे पडतं. दोन्ही वेळा धागा तुटतो, आणि तो शिक्षक आपल्याला शाळेत जसं शिकवलं गेलं तसंच पुढे शिकवत राहतो. तुमचे विद्यार्थी ‘हे शाळेत कुठे?’ असं विचारतात तेव्हा ते हीच दरी दाखवत असतात. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे हे सगळं निरुपयोगी आहे, तो मात्र तपासायला हवा. आणि तो वाद घालून खोडता येणार नाही, गणित करूनच खोडावा लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं: काटेकोरपणा जराही सोडू नका, पण त्याची जागा बदला. तो शाळेच्या प्रमेयांच्या आत न्या. गृहीतकं पहिल्या तासाला फळ्यावर लिहून दिली, तर विद्यार्थ्यांना पडलेल्या कुठल्याच प्रश्नाचं ती उत्तर नसतात. जे आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही, ते पाठ करण्याखेरीज दुसरं काय करणार? पाठांतराला तुम्ही कुवतीचा अभाव समजत असाल, तर तसं नसावं.

एकच प्रमेय घेऊन दाखवते, कारण सगळी मेख त्यातच आहे.

समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन समान असतात. त्रिकोण अबक, त्यात अब आणि अक समान. वर्गाला सांगा, सिद्ध करा. पुस्तक नाही, मदत नाही. उत्तरं साधारण चार तऱ्हांची येतील. कुणी अ चा कोनदुभाजक काढून बाकोबा (दोन बाजू आणि त्यांमधला कोन) कसोटी लावेल. कुणी बक चा मध्यबिंदू घेऊन बाबाबा (तिन्ही बाजू) लावेल. कुणी अ मधून बक वर लंब टाकून कर्णभुजा कसोटी लावेल. आणि कुणीतरी नक्की लिहील, ‘अ मधून जाणारा बक चा लंबदुभाजक काढा.’ चौथ्यावर आधी थांबा. लंबदुभाजक अ मधूनच जातो हे कुणी सांगितलं? एका रेषेवर एकाच वेळी दोन अटी लादल्या आहेत आणि दोन्ही एकदम पाळता येतात हे न सांगता मानलं आहे. ही चूक शाळेच्या वह्यांमध्ये फार दिसते. ती ओळखता येणं हे शिक्षकाचं रोजचं काम आहे.

आता उरलेल्या तीन सिद्धता. वर्ग म्हणेल, या तर बरोबर आहेत. मग विचारा, कर्णभुजा कसोटी कशावरून आली? तिची नेहमीची सिद्धता अशी असते: दोन काटकोन त्रिकोण समान बाजूवर पाठीला पाठ लावून ठेवायचे, एक समद्विभुज त्रिकोण तयार होतो, आणि त्याच्या पायालगतचे कोन समान म्हणून पुढे जायचं. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच वापरलं. बाबाबाचीही नेहमीची सिद्धता समद्विभुज त्रिकोणावरूनच जाते. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय पाचवं आहे, बाबाबा आठवं, आणि आठव्याचा आधार मागे सरकत सातव्यावरून पाचव्याकडेच येतो. बरं, कोनदुभाजकाची सिद्धता तरी निर्दोष आहे ना? युक्लिड कोनदुभाजक काढायला शिकवतो नवव्या विधानात, आणि ती रचना बरोबर असल्याचं दाखवतो बाबाबा वापरून! म्हणजे पाचव्या विधानाच्या वेळी त्याच्या हातात कोनदुभाजक नाही. म्हणूनच तो समान बाजू खाली वाढवून, जास्तीचे त्रिकोण तयार करून लांबची वाट धरतो. ती वाट किचकट का आहे, हे वर्गाला आता कुणी समजावून सांगावं लागत नाही.

याच टप्प्यावर पॅपसच्या नावावर असलेली सिद्धता दाखवा. कसलीही जादा रेषा न काढता त्रिकोण अबक ची तुलना त्रिकोण अकब शी करायची, म्हणजे त्रिकोणाची त्याच्याच आरशातल्या रूपाशी. अब बरोबर अक, अक बरोबर अब, अ कोन सामाईक. बाकोबा. झालं. मला ही सिद्धता अतिशय प्रिय आहे. चौथ्या शतकातल्या गणितज्ञाच्या नावावरची गोष्ट, आणि तिच्यात सममितीची सगळी कल्पना एका ओळीत बसली आहे.

आणि मग शेवटचा प्रश्न: बाकोबा तरी कशावरून? युक्लिड एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवतो. उचलण्याची परवानगी त्याच्या पाच गृहीतकांत कुठेच नाही. हिल्बर्टने १८९९ साली हे लक्षात घेऊन बाकोबाचा गाभाच गृहीतक म्हणून मांडला. बर्कहॉफ या अमेरिकन गणितज्ञाने १९३२ साली वेगळी वाट घेतली: पट्टी आणि कोनमापक यांनाच गृहीतकांचा दर्जा दिला, म्हणजे अंतर आणि कोन यांना पहिल्यापासून संख्या जोडल्या. त्या मांडणीत प्रत्येक कोनाला अर्ध्या मापाचा किरण असतोच, म्हणून कोनदुभाजकाची सिद्धता तिथे पूर्णपणे चालते. शाळेची कित्येक पुस्तकं न बोलता याच वाटेने जातात.

हे सगळं झाल्यावर ‘गृहीतकं कशाला?’ हा प्रश्न वर्गात उरणार नाही. कुठली सिद्धता बरोबर, हे आपण आधी काय मान्य केलं त्यावर ठरतं, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या वहीत पाहिलेलं असेल. आणि यात पदवीच्या दर्जाखालचं काय होतं, ते सहकाऱ्यांनाही विचारा.

आता तुमच्या १८० अंशांकडे येते. मोजणं, कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून शेजारी शेजारी लावणं आणि पेन्सिल फिरवणं, हे तिन्ही प्रकार वर्गात करून घ्या. पेन्सिलीचा प्रकार मजेदार आहे. ती अब बाजूवर ठेवायची, अ कोनातून फिरवून अक वर आणायची, सरकवत क पर्यंत न्यायची, क कोनातून फिरवायची, मग ब कोनातून, तिन्ही वेळा एकाच दिशेने. शेवटी पेन्सिल पुन्हा अब वर येते, पण टोक उलट दिशेला. अर्धा फेरा झाला, म्हणजे बेरीज १८०. वर्गाला हे पटतं. पुष्कळ शिक्षक इथेच थांबतात.

तुम्ही थांबू नका. एक चेंडू आणा. त्यावर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत एक रेघ, विषुववृत्तावरून पाव फेरा, तिथून परत ध्रुवापर्यंत. तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०. आता छोटी काडी घेऊन याच त्रिकोणावर पेन्सिलीचा खेळ करा. काडी इथेही शेवटी उलटीच होते! म्हणजे जी कृती सपाट कागदावर १८० ‘सिद्ध’ करते, ती चेंडूवरही तेच सांगते, आणि तिथे ते साफ खोटं आहे. मग कागदावरच्या त्या कृतीत आपण काय धरून चाललो होतो? बाजूवरून सरकवताना पेन्सिलची दिशा तीच राहते, हे. ते सपाट प्रतलाचं खास वैशिष्ट्य आहे. गोलावर सरकण्यातच दिशेचा हिशेब बदलतो. या एका प्रश्नावर वर्गाला तासभर झुंजू द्या. उत्तर सांगायची घाई करू नका.

नंतर पुस्तकातली सिद्धता घ्या: अ मधून बक ला समांतर रेषा, व्युत्क्रम कोन समान, बेरीज सरळ कोन. इथे प्रमेय आणि व्यत्यास यांतला फरक पहिल्यांदा जिवंत होतो. व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर, याला युक्लिडचं पाचवं, म्हणजे समांतर रेषांबद्दलचं गृहीतक लागत नाही. रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान, याला लागतं. युक्लिडने ते पहिल्यांदा वापरलं एकोणतिसाव्या विधानात, तोवर टाळलं. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज नेमकी या दुसऱ्या विधानावर उभी आहे. आता पाचवं गृहीतक सिद्ध करण्याचा साकेरीचा १७३३ चा प्रयत्न, आणि ते सोडून भूमिती उभारणारं लोबाचेव्हस्कीचं १८२९ चं आणि बोयाईचं १८३२ चं काम यांना जागा मिळते. पाचवं गृहीतक सोडलं तर काय होतं, हा प्रश्न आता वर्गाचा स्वतःचा असतो.

हायपरबोलिक भूमिती भावी शिक्षकाच्या कामाची नाही, ही समजूत तुमच्या विद्यार्थ्यांची आहे, आणि पत्राच्या सुरावरून वाटतं की थोडी तुमचीही होऊ लागली आहे. तिला माझा ठाम विरोध आहे. जॉन वॉलिसने सतराव्या शतकात दाखवलं होतं, की आकार तोच पण माप वेगळं असे त्रिकोण असतात हे मानलं, तर पाचवं गृहीतक त्यातून निघतं. म्हणजे शाळेतलं समरूपतेचं अख्खं प्रकरण, नकाशाचं प्रमाण, सावलीवरून उंची काढण्याची गणितं, सगळी या गृहीतकावर उभी आहेत. हायपरबोलिक प्रतलात तिन्ही कोन समान झाले की त्रिकोण एकरूपच होतात, लहान-मोठी प्रतिकृती संभवतच नाही. हे कळलेला शिक्षक समरूपता शिकवताना जे सांगेल, ते न कळलेला सांगू शकणार नाही. तेव्हा हा भाग ठेवा. फक्त तो समांतर रेषांच्या प्रश्नातून येऊ द्या.

व्याख्यांसाठी मात्र वेगळा वेळ काढा. चौरस हा आयत आहे का, हे शाळेतली मुलं विचारतातच. युक्लिडच्या व्याख्येत तो नाही. आयताच्या बाजू सगळ्या समान नसाव्यात असं तो सांगतो. आज आपण चौरसाला आयत मानतो. कारण आयताबद्दल सिद्ध केलेलं सगळं चौरसाला आपोआप लागू होतं, पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. मग समलंब चौकोनाचं काय? बाजूंची ‘एक तरी’ जोडी समांतर म्हणायचं, की ‘एकच’ जोडी? ‘एक तरी’ घेतलं आणि समद्विभुज समलंब म्हणजे ज्याच्या उरलेल्या दोन बाजू समान, असं म्हटलं, तर प्रत्येक समांतरभुज चौकोन त्यात येऊन बसतो, आणि ‘त्याचे कर्ण समान असतात’ हे प्रमेय मोडतं. मग व्याख्या पायालगतच्या कोनांवरून करावी लागते. व्याख्या ही निवड असते आणि निवडीचे परिणाम असतात, हे शिक्षकाला माहीत हवं. नाहीतर तो व्याख्येचे शब्द शब्दशः म्हणून घेण्यातच वर्ष घालवतो.

परीक्षा न बदलता हे सगळं केलंत तर काही बदलणार नाही, हे मी आग्रहाने सांगते. प्रश्नपत्रिकेत ‘प्रमेय सिद्ध करा’ एवढंच असेल तर पाठांतर हाच शहाणपणाचा मार्ग आहे आणि विद्यार्थी तोच निवडतील. त्याऐवजी शाळेतल्या मुलाने लिहिली असेल अशी सिद्धता द्या, वर सांगितलेल्या लंबदुभाजकासारखी, आणि विचारा: यात काय बरोबर आहे, कुठे अडतं, आणि या मुलाला पुढचा कोणता प्रश्न विचाराल? किंवा दोन सिद्धता द्या, त्यातली एक वर्तुळाकार, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच वापरणारी, आणि ती ओळखायला सांगा. कधी एकच सिद्धता दोनदा लिहायला सांगा, एकदा वर्गमित्रासाठी आणि एकदा तेरा वर्षांच्या मुलीसाठी. तपासायला वेळ लागतो, खरं आहे. पण तीन-चार ओळींच्या उत्तरात विद्यार्थी कुठे उभा आहे ते कळतं.

तो कुठे उभा आहे हे समजून घ्यायला व्हॅन हिले दांपत्याचं काम उपयोगी पडेल. डीना आणि पिएर या डच शिक्षकांनी १९५७ साली आपापल्या प्रबंधांत मांडलं, की भूमितीचा विचार पायऱ्यांनी वाढतो. आधी आकार दिसण्यावरून ओळखणं, मग त्याचे गुणधर्म, मग गुणधर्मांमधले संबंध, मग निगमन, म्हणजे गृहीतकांवरून सिद्धता रचणं, आणि सगळ्यात वर वेगवेगळ्या गृहीतक-मांडण्यांची तुलना. तुमचा पेपर शेवटच्या पायरीवर सुरू होत होता. कोनमापक काढणारे विद्यार्थी दुसरी-तिसरी पायरी चढत होते. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होता, पण शिक्षक एका पायरीवरून बोलत असेल आणि ऐकणारा दुसरीवर असेल, तर शब्द तेच राहून अर्थ पोचत नाही, हे त्या दोघांनीच लिहून ठेवलं आहे.

संगणकाबद्दल थोडक्यात. जिओजेब्रासारखं आकृत्या काढून हलवता येणारं साधन जरूर वापरा, पण शोधण्यासाठी. कुठल्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले की समांतरभुज चौकोन मिळतो, हे व्हारिन्याँचं प्रमेय पडद्यावर शिरोबिंदू ओढत ओढत विद्यार्थ्यांना स्वतः सापडू द्या. बाजू एकमेकींना छेदल्या तरी ते टिकतं, हे पाहून ते थक्क होतात. त्यानंतर पडदा बंद करून ‘का?’ विचारा. कर्ण काढला की मध्यबिंदूंचं प्रमेय समोर येतं.

यासाठी वेळ कुठून आणायचा? हिल्बर्टच्या क्रमाच्या (कोणता बिंदू कोणत्या दोहोंच्या मध्ये हे सांगणाऱ्या) गृहीतकांवरून छोटी छोटी विधानं सिद्ध करत जे आठवडे जातात, ते कापा. त्यांच्या जागी ‘प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो’ ही प्रसिद्ध खोटी सिद्धता एकदा करा. त्यात अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक त्रिकोणाच्या आत छेदतात असं आकृतीत दाखवलेलं असतं. खरं तर तो छेदबिंदू परिवर्तुळावर, त्रिकोणाच्या बाहेर असतो. तिथून बाजूंवर टाकलेल्या लंबांपैकी एकाचा पाय बाजूवर पडतो, दुसऱ्याचा वाढवलेल्या बाजूवर. ‘कोण कुणाच्या मध्ये आहे’ हे आकृतीवर सोडून चालत नाही, हे तिथे एका फटक्यात कळतं, आणि पाश या जर्मन गणितज्ञाने १८८२ साली ते गृहीतकांत का आणलं तेही.

वर्गातले काही जण संशोधनाकडे जाणार असतील, त्यांचं नुकसान होईल अशी शंका तुम्हाला येईल. होणार नाही. वर्तुळाकार युक्तिवाद ओळखणं, व्याख्या तोलणं, न बोलता धरलेली गोष्ट उघड करणं, हे त्यांनाही तितकंच लागतं.

चालू सत्र अर्ध्यावर असेल तर अभ्यासक्रम मध्येच उलथू नका. पुढचे दोन तास समद्विभुज त्रिकोणाला द्या, तिन्ही सिद्धता फळ्यावर शेजारी शेजारी ठेवा, आणि अंतर्गत परीक्षेतला एक प्रश्न त्यावरून काढा. तो प्रश्न आणि विद्यार्थ्यांची उत्तरं दर्जाबद्दल बोलणाऱ्या सहकाऱ्यांना वाचायला द्या. शक्य झालं तर त्यांना आधी तो प्रश्न स्वतः सोडवायला सांगा.